चंदाचा तिसरा हंडा

साल १९५८, वैशाख महिना. मित्रांनो, तेव्हा नावडे गावाला गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि मी धर्माच्या गोठ्यात होते. मी गुरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोणी आहे. पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून कोरले. चंदा म्हशीची तहान माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या वर्षी विहिरीचा तळ दिसू लागला. गावाने रोज घरटी सहा हंडे ठरवले. त्यातले पाच एकटी चंदाच रिचवायची. उरलेल्या एका हंड्यात धर्माची बायको जमुना चार माणसांचे भागवायची, आणि स्वतः नुसते ओठ ओले करायची. शेवटी तिने विहिरीवर सातवा हंडा मागितला.

"तुजी म्हस म्हंजे खाडी हाय गो, कवा भरायची नाय!" शेजारची पुतळाकाकी म्हणाली. "इकून टाक."

धर्माने गुरांच्या दलालाला शनिवारी बोलावले. जमुनाने हात जोडले, तेव्हा धर्मा म्हणाला, "त्या दिशी तीन हंड्यांत भागलं, तरच ठेवू."

पेंढा संपत आला म्हणून धर्मा रोज खाडीवरून तिवराचा, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाचा, पाला आणायचा. बुधवारी मला घासताना जमुनाला काठावर चिकटलेले एक पान दिसले. त्याच्या पाठीवर काहीतरी चमकत होते. तिने बोट लावून चाखले.

"आगो बाय! आपुनच तिला मीठ चारतोय!"

"माज्या बापानं पन हाच पाला घातला," धर्मा म्हणाला.

"त्यांच्या वक्ताला हीर भरलेली व्हती!"

ती तडक फजलभाईंच्या केळीच्या वाडीत गेली. घड उतरवलेले खांब तिथे पडून होते. "न्या वहिनी, नायतर कुजतातच," ते म्हणाले. ते रसाळ खांब चिरून तिने उरलेल्या पेंढ्यात मिसळले. पाला बंद झाला.

गुरुवारी पाचवा हंडा अर्धाच लागला. शुक्रवारी चार.

शनिवारी संध्याकाळी दलाल दोर घेऊन दारात बसला. दोन हंडे संपले होते. जमुनाने तिसरा ओतला. चंदाने तो तळापर्यंत ओढला, आणि माझा दगड गार पडला.

"चौथा वत," धर्मा म्हणाला.

जमुनाने चौथा ओतला. चंदाने पाणी हुंगले, आणि तोंड फिरवून रवंथ करू लागली.

दलाल रिकामा दोर घेऊन गेला. चंदा पुढे चार वेळा व्याली आणि त्याच गोठ्यात म्हातारी होऊन गेली. पुतळाकाकी प्रत्येक खेपेला खरवसाला पहिली हजर असायची, तीही गेली. धर्माने मरेपर्यंत तिवराला कोयता लावला नाही. फजलभाई लेकीकडे पनवेलला राहायला गेले. गोठ्याच्या जागी इमारत उभी राहिली, आणि जमुना आता तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. मी खाली फाटकापाशी पडून असते, आणि येता-जाता ती माझ्या काठावर हात टेकते.

मित्रांनो, जनावर फार पाणी पिते म्हणून त्याला बोल लावू नका. आधी त्याच्यापुढे काय टाकले आहे, ते चाखून बघा.