न खाल्लेला केक

रविवारी दुपारी चर्चमधली उपासना आटोपली, की पाळकांची मुलगी देवळामागच्या खोलीत खुर्च्या मांडायला घ्यायची. कॉलेजातली सगळी पोरं तिला ताई म्हणत. वसतिगृहात राहणाऱ्या, घरच्या आठवणीने कोमेजलेल्या मुलांसाठी तिने हा प्रार्थनेचा गट सुरू केला, तेव्हा तिघेच यायचे. आता बसायला जागा कमी पडे. दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : सर्वांचे स्वागत आहे. इथे कुणी एकटं बसायचं नाही, हा ताईचा एकच नियम. नवं कुणी आलं की ती त्याच्या शेजारी जाऊन बसे, गाव विचारी, खाऊपिऊ घाली.

पहिल्या वर्षाची एक मुलगी, वसतिगृहातली नसून गावातलीच, अशीच आली होती. बोलायची इतकं हळू, की पोरांनी तिचं नाव चिमणी ठेवलं. गाताना मात्र तिचा आवाज खणखणीत लागे. दोन-तीन महिन्यांत ती सगळ्यांची लाडकी झाली. मग काय बिनसलं कोण जाणे, तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. ताईने दोघातिघांना खोदून विचारलं. त्यांनी तोंडं चुकवली.

त्या रविवारी चिमणीचा वाढदिवस होता. तिने घरी केक करून आणला होता. वर साखरेची नक्षी काढायला तिला सकाळ पुरली नव्हती, असं ती हसत सांगत होती. सगळ्यांनी कागदी बशा पुढे केल्या. छान झालाय, मस्तच झालाय, अशी वाहवा झाली आणि बशा घेऊन एकेक जण बाहेर सटकला.

पाणी आणायला ताई मागच्या नळाकडे गेली. नळाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात केकचे तुकडे पडले होते. एकालाही दात लागलेला नव्हता. त्यांच्यावर कुणीतरी जुनं वर्तमानपत्र पांघरलं होतं, पण घाईत ते नीट बसलं नव्हतं. गटाचा सचिव कोपरापर्यंत साबण लावून हात धूत उभा होता.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"हळू बोल ना. तिला ऐकू जाईल." तो जवळ आला. "तिचा बाप इस्पितळाच्या शवागारात असतो. प्रेतं धुतो. माझी आजी गेली तेव्हा तिला आणायला गेलो, तर ही तिथल्याच बाकावर बसून त्याला डबा वाढत होती."

"मग?"

"मग काय, ताई? त्याच घरातला केक. घशाखाली उतरेल का?"

"तुझ्या आजीला कुणी धुतलं?"

"त्यानेच. केसबिस विंचरून दिले होते. चांगलं केलं होतं त्याने," तो म्हणाला आणि पुन्हा हाताला साबण लावू लागला.

डब्यातल्या केकची नव्हे, त्या साबणाच्या फेसाची ताईला शिसारी आली. ज्या हातांनी याच्या आजीला शेवटचं माणसासारखं वागवलं, त्यांचीच याला घाण वाटत होती, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

"आणि तुझ्या बाबांना माहीत आहे सगळं," तो पुढे म्हणाला. "पुढच्या वेळेपासून प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरवायचा नाही, प्रत्येकाला वेगळा. त्यांनीच सुचवलंय. आरोग्याचं कारण सांगायचं."

ताई तडक बाबांच्या खोलीत गेली. ते संध्याकाळच्या प्रवचनाची तयारी करत होते.

"बाबा, खरं आहे हे?"

त्यांनी चष्मा काढला. "मुलं गळतील, बाळा. केवढ्या कष्टाने जमवलीस तू. एकीपायी सगळा गट मोडायचा का? तिला कुणी येऊ नको म्हणत नाही. जरा मागे बसेल. वाईट वाटू न देता सांगू तिला."

"वाईट वाटू न देता," ताई म्हणाली. लहानपणापासून ज्या आवाजावर ती झोपी गेली होती, त्याच मऊ आवाजात हे वाक्य आलं होतं. तिला तो आवाज ऐकवेना.

ती बाहेर आली, तर चिमणी रिकाम्या बशांचा गठ्ठा घेऊन नळाकडे निघालेली. "आण इकडे, मी टाकते," म्हणत ताई आडवी आली. उशीर झाला होता. वर्तमानपत्र एव्हाना वाऱ्याने पार सरकलं होतं. चिमणीने डब्यात पाहिलं आणि बशा शांतपणे बाजूला ठेवल्या.

"मला कळलं होतं, ताई. शाळेतही असंच व्हायचं. पण शाळेच्या दारावर स्वागताची पाटी नव्हती."

आत गाणं सुरू झालं होतं. प्रेमाचंच गाणं, टाळ्यांच्या तालावर. ताई कचऱ्याचा डबा उचलून आत गेली आणि तिने तो मधोमध ठेवला. टाळ्या थांबल्या.

"आजपासून ही खोली मी उघडणार नाही," ती म्हणाली. "इथे आपण देवाचं नाव घेऊन एका मुलीला वाळीत टाकलं, आणि तेही हसून. मला तुमच्या गाण्यांची किळस येते. पुढच्या रविवारी मी चिमणीच्या घरी प्रार्थनेला बसणार आहे. तिचे वडील येऊ देतील तर."

दारात उभ्या असलेल्या बाबांच्या हातात तिने खोलीची किल्ली ठेवली आणि पाटी खिळ्यावरून उतरवली.

पुढच्या रविवारी इस्पितळामागच्या चिमणीच्या दोन खोल्यांत ताई पोचली. तिच्यासोबत वसतिगृहातला, सगळे ज्याला पैलवान म्हणत तो एकटाच मुलगा होता. त्यानेही केक टाकला होता. वाटभर तो मान वर करत नव्हता. चिमणीचे वडील दारातच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घेऊन. सवयीनेच घेतले असावेत.

"बसा," ते म्हणाले. "चहा बाहेरून मागवतो. हॉटेलातला."

फिनेलचा वास घरभर होता. ताईचा हात नकळत नाकाकडे गेला. म्हणजे आपल्यातही ती शिसारी आहेच, हे जाणवून तिला स्वतःचाच संताप आला. "घरचाच द्या, काका," ती म्हणाली. चहा आला, तो तिने प्यायला. तिसऱ्या घोटाला वास नाहीसा झाला.

प्रार्थना तुम्हीच करा, असा तिने आग्रह धरला. ते गोंधळले. "मोठ्याने? मी कधी केली नाही. कामावर मनातल्या मनात करतो तेवढीच."

"तीच करा."

त्यांनी डोळे मिटले. मग ते हळूच म्हणाले, "प्रभू, आज ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही, त्यांना तू ने."

पैलवान हुंदके देऊ लागला. चिमणीने आमेन म्हटलं, आणि मग ताईनेही.

परत जाताना ताईने मनाशी ठरवलं, उद्या वसतिगृहाच्या एकेका दारावर जायचं. गट कुठे भरतो, असं कुणी विचारलं तर आडवळणाने सांगायचं नाही. शवागाराच्या मागे, डावीकडचं दार, असंच सांगायचं. ज्याला यायचं तो तेवढं चालत येईल.