सील न फोडलेली डबी

मानपुरच्या हॉटेलात सिंकखाली उकिडवा बसून नरेंद्रने बॅगेतून क्लोरीन तपासायच्या पट्ट्यांची डबी काढली. तिचं सील जागच्या जागी होतं. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. जुनी संपली म्हणून ही कालच घेतलेली. आज सकाळी इंदूरला रामबागेत तो एक फिल्टर बसवून आला होता, आणि पट्टी भिजवल्याशिवाय ते काम पुरं होतच नाही.

घराघरात सिंकखाली शिरून पाण्याचे फिल्टर बसवायचे, वर्षाकाठी जाऊन त्यांची साफसफाई करायची, हे काम नरेंद्र नऊ वर्षं करत होता. हात चोख, पण बोलायला कोणी भेटलं की गडी विरघळायचा. आणि सकाळी नेमक्या भेटल्या इंदुमतीकाकू. त्यांच्या यजमानांची, शामकाकांची, तीन महिन्यांपूर्वी किडनी बदलली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी असं-तसं चालायचं नाही. म्हणून नरेंद्रने फिल्टरच्या नळ्यांत जंतू मारायचं क्लोरीनचं औषध नेहमीच्या दुप्पट ओतलं होतं. काळजी घ्यायची तर पुरती घ्यावी, असा त्याचा हिशेब. हे औषध अर्धा तास आत मुरू द्यायचं, मग दोन वेळा टाकी भरून ते पाणी सगळं ओतून द्यायचं, पट्टी बुडवायची, आणि पट्टीचा रंग बदलला नाही तरच पाणी प्यायचं.

तो अर्धा तास घातक ठरला. औषध मुरत असताना नरेंद्र बायकोशी फोनवर मराठीत बोलला आणि काकूंनी ते ऐकलं. इंदुरात मराठी माणसाला मराठी माणूस सापडला की घड्याळाची काही खैर नसते. कुठले, महूचे का, आजोबा पलटणीत होते का, अशी चौकशी सुरू झाली. काकूंचे वडील मिलमध्ये कारकून होते, तिथपासून गोष्ट निघाली. पोहे आले, वर शेव आली, नको म्हणता म्हणता जिलेबी आली. मानपुरच्या हॉटेलवाल्याचा तिसरा फोन आला तेव्हा नरेंद्र धडपडत उठला, हात धुतले, टाकीचा कॉक उघडला आणि काकूंना सांगितलं की टाकी दोन तासांत भरेल, मग खुशाल प्या. पाणी ओतून द्यायचं राहिलंच.

आता बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने काकूंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शामकाका दीड वाजता जेवतात आणि जेवणावर गोळी घेतात, हे पोहे खाताना त्याच्या कानावर पडलं होतं.

ऑफिसचा नंबर समोरच होता. तिथला सुजय रामबागेपासून दहा मिनिटांवर बसायचा. स्कूटर काढली असती तर साडेबाराच्या आत काकूंच्या ओट्याशी उभा राहिला असता. पण गेल्याच महिन्यात एका घरी नरेंद्रने सैल सोडलेल्या नळीच्या जोडाने अख्खं स्वयंपाकघर भिजवलं होतं आणि ऑफिसने लेखी ताकीद दिली होती. आणखी एक चूक झाली की घरी बसायचं. नरेंद्र त्या नंबरकडे बघत राहिला. रस्ता तासाभराचा, दीडच्या आत आपणच पोचू, कोणाला कळायचंही नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. मग फोन खिशात टाकला आणि हॉटेलवाल्याला काहीबाही सांगून मोटरसायकलला किक मारली.

भीती काय असते ते त्याला त्या रस्त्यावर कळलं. ट्रकांच्या मधून तो गाडी काढत होता, आणि डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं, काका गोळी तोंडात टाकून पेला उचलतायत. वासाने तरी थांबतील, असं तो स्वतःला सांगत होता. क्लोरीनचा वास काय लपतो? महूजवळ आला आणि त्याला आठवलं की निघताना दारातून आपणच म्हणालो होतो, नवीन फिल्टरला दोन दिवस वास येतो काकू, घाबरायचं नाही. गाडी बाजूला घेऊन त्याने काकूंना पुन्हा फोन केला. कोणी उचलला नाही. ऑफिसला अजूनही करता आला असता. आता एवढे आलोच आहोत, असं म्हणून त्याने तेव्हाही केला नाही.

एक वीसला त्याने रामबागेतली बेल दाबली. दार शामकाकांनीच उघडलं. ते स्वतःच्या पायांवर उभे होते आणि हातात पेपर होता. नरेंद्रचा जीव भांड्यात पडला. त्याला तिथेच उंबऱ्यावर बसावंसं वाटलं.

"बरं झालं आलास," काका म्हणाले. "तिला बघ जरा. सीने में जलन म्हणते."

काकू दिवाणावर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात उलटी काढायला कालवलेल्या मिठाच्या पाण्याचा पेला. काका वासामुळे पाण्याला हात लावेनात, म्हणून अर्ध्या तासापूर्वी काकूंनी त्यांच्यासमोर दोन पेले गटागट पिऊन दाखवले होते.

"यांना तर सगळ्यावर डाउट," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "मी म्हटलं, आपल्या पोराने सांगून ठेवलंय ना, वास येणार म्हणून. तो कशाला खोटं बोलेल?"

नरेंद्रने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. उलटी काढू नका, त्याने घसा आणखी जळेल, एवढं कसंबसं बोलला. मग औषध, टाकी, पट्टी, सगळं सांगून टाकलं. काकांनी पेपर खाली ठेवला आणि चपला शोधू लागले.

हॉस्पिटलला निघालेल्या रिक्षात काकू मध्ये बसल्या. त्यांना मधूनच खोकला यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि दर खोकल्याला नरेंद्र रिक्षावाल्याला घाई करायचा. त्यांचा गार पडलेला हात त्याच्या मनगटावर होता. काकांचा राग आता उकळून वर आला. फोन तरी करायचास की नाही, असं त्यांनी त्याला विचारलं.

"माझा फोन आत चार्जिंगला होता हो," काकूच म्हणाल्या. "तो काय करणार बिचारा? मानपुरहून धावत आलाय."

हॉस्पिटलचं फाटक समोर दिसत होतं. नरेंद्र गप्प बसला असता तर भागलं असतं.

"ऑफिसला लागला असता, काकू," तो म्हणाला. "माणूस दहा मिनिटांत आला असता. नोकरी जाईल म्हणून मी लावला नाही."

काकूंनी त्याच्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि काकांचा दंड धरला.