उपाशी वाफा

"साहेब, ह्या तिसऱ्या वाफ्यात तुमच्या माणसानं औषध वतलंय. तुम्हीच वतायला लावलंसा."

रूपालीनं हातातलं जरबेराचं फूल साहेबांच्या तोंडासमोर धरलं. केशरी, बशीएवढं फूल. दांडा तिच्या कोपरापर्यंत येत होता आणि वाकायचं नाव घेत नव्हता. प्लॅस्टिकच्या शेडमध्ये उकडत होतं. वरच्या नळीतून एक थेंब सुटला आणि साहेबांच्या शर्टावर पडला.

साहेबांनी तो पुसला.

"मी कशाला ओतायला लावीन?"

"चाचणी बिघडवायला. वाफा उपाशी ठेवायचा, हे तुमचंच कलम. नुसतं पाणी. आन् नुसत्या पाण्यावर असलं फूल येतंय? तुमचा पिराजी दर आठवड्याला येतोय हितं. पिशवी घिऊन येतोय."

दारात उभा असलेला पिराजी एकदम आत आला. योजनेच्या जीपवर ड्रायव्हर होता तो, पन्नाशीचा, पोट सुटलेला.

"मी? आगं ए बाई, त्या औषधाचा वास बी सोसत न्हाय मला. पिशवीत भाकरी असती माझी."

बायका हसल्या. रूपाली हसली नाही. तिनं फूल अजून तसंच धरलं होतं.

तिचं चिडणं उगाच नव्हतं. राधानगरी रस्त्याच्या त्या गावात बौद्धवाड्याकडं आजवर जे काही सरकारी आलं ते उशिरा आलं, आणि आलं ते मागं दोरी बांधून आलं. ही शेडही तशीच. दोन हजार तीन साली बायकांच्या बचत गटाला ती सरकारच्या फुलशेती योजनेतून एका हंगामापुरती मिळाली. आत जरबेरा लावायचा, फुलं कोल्हापुरात लग्नाच्या मांडवांना पाठवायची. पण झाडांना खायला घालायचं ते योजनेचे साहेब सांगतील तेच. निळ्या बाटलीतला समुद्री शेवाळाचा अर्क, काळंभोर ह्युमिक द्रावण, पाण्यात विरघळणारं पांढरं खत. ह्या सगळ्याचं मिळून एक किट, ते कोल्हापुरातल्या एकाच दुकानात मिळायचं आणि दुकानाचं नाव साहेबच सांगायचे. दुकानदारानं उद्या हात वर केले की झाडांनी काय खायचं, ह्याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

रूपालीनं बैठकीत उभं राहून विचारलं होतं, आमचं शेण, आमचा गूळ चालत न्हाय व्हय? बारावी सायन्स झालेली, लग्न होऊन ह्या गावात आलेली पोरगी. साहेबांनी तिला गप्प बसवलं नाही, एवढं खरं. ते म्हणाले, करा तुलना. पहिल्या वाफ्याला आमचं किट, दुसऱ्याला तुमचं घरचं. आणि तिसऱ्याला काहीच नाही, फक्त पाणी. तो नसेल तर कशानं काय झालं ते कळणार नाही. घरचं खत किटच्या बरोबरीनं उतरलं तर शेड तुमच्याकडं कायमची आणि खायला काय घालायचं ते तुम्ही ठरवा. चाचणीत खोट निघाली तर शेड गावच्या विकास सोसायटीकडं.

सोसायटीची माणसं तेव्हापासूनच येता-जाता शेडकडं बघायला लागली होती. त्यातल्या एकानं तर दाराला कुलूप कुठल्या बाजूनं लावायचं तेही बोलून ठेवलं होतं.

साहेब तिसऱ्या वाफ्याला कंट्रोल प्लॉट म्हणायचे. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव उपाशी वाफा ठेवलं.

तीन वाफे, उपाशी वाफा दोघांच्या मधे, माती एकच. राधानगरीकडची तांबडी माती, भाताचं तूस, थोडं कुजलेलं शेणखत, ते लावणीपुरतं. पुढं रूपालीनं दुसऱ्या वाफ्याचं जेवण स्वतःच्या हातानं बनवलं. शेण, गोमूत्र, गूळ, हरभऱ्याचं पीठ, बांधावरच्या करंजाखालची मूठभर माती. पिंपात सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तेही एकाच दिशेनं. गाळून पाण्यात मिसळून घालायचं. मापाचं भांडं ठरलेलं. दुसऱ्या कुणाला ती त्याला हात लावू देत नव्हती.

आणि वाफे बोलायला लागले. किटचा वाफा सगळ्यांत आधी उठला. पानं हिरवीगार, जणू तेल लावलेली. फुलंही लवकर आली, पण कापून बादलीत ठेवली की दुसऱ्या दिवशी माना टाकायची. घरच्या खताचा वाफा मागं राहिला. पान लहान, रंग फिका, पण दांडा काटक. फूल मान टाकत नव्हतं. रूपालीला धीर आला. बरोबरी होणार, असं तिला वाटायला लागलं.

मग उपाशी वाफ्यानं अंग धरलं. आधी पानं रुंदावली. मग कळ्या अशा फुटल्या की पानं बाजूला सारून मोजाव्या लागाव्यात. किटच्या वाफ्यापेक्षा मोठी फुलं, घरच्या वाफ्यापेक्षा ताठ दांडे. रूपालीची झोप उडाली. ज्या वाफ्यानं काहीच न खाता दोघांना मागं टाकलं, तो कुणी तरी चोरून खाऊ घातलेला होता. आणि चोरून कुणी घालावं, तर ज्याला चाचणीत खोट हवी आहे त्यानंच. तिच्या हिशेबात दुसरं माणूस बसत नव्हतं.

"किल्ली माझ्याकडं नसते," साहेब म्हणाले. "तुमच्याच बायकांत पाणी घालायच्या पाळ्या आहेत. मी येतो तेव्हा तुमच्यातलं कुणी ना कुणी हजर असतं."

"मग झाडं काय वारा खाऊन फुगली?"

"तेच मी तुम्हाला विचारायला हवं."

रूपाली उपाशी वाफ्याशेजारी बसली. झाडाच्या बुडात बोटं घातली आणि माती उकरली. औषधाचा पांढरा थर असणार, वास असणार, तो साहेबांच्या नाकाखाली धरायचा, असं तिच्या मनात होतं. बोटांना काहीतरी गोल लागलं. तिनं ते वर काढलं, चिमटीत दाबलं. त्याचा भुगा झाला.

बकरीची लेंडी होती.

तिनं अजून उकरलं. अजून लेंड्या. त्यांच्याखाली राख. पलीकडच्या झाडाच्या बुडात अंड्याच्या टरफलाचा चुरा आणि माशाचं एक बारीक हाड.

हापिसात बकऱ्या नव्हत्या.

रूपालीनं मान वर केली. बायका चार दिशांना बघत होत्या. मीनाबाई, गटाची अध्यक्ष, नळीचा वॉल्व्ह उगाच चाचपत होती. आणि रूपालीची सासू चिमणाबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती. वाड्यात बकऱ्या तिच्याच होत्या.

"आत्ती?"

चिमणाबाईनं पदर सोडला.

"टाकल्या. मग? थोड्या टाकल्या."

"कवापासनं?"

"माझी पाळी असंल तवा. तुझं ते पिंप, त्यात गूळ काय, पीठ काय. ह्यांची ती बाटली. दोघं दोन्ही अंगाला जेवत्यात आन् ह्येनं मधी बसून बघायचं व्हय?"

"म्हातारे, तू बी?" मीनाबाईच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"तू बी म्हंजे?" रूपाली उठून उभी राहिली. "काकी, तुम्ही काय टाकलंसा?"

"मी कुठं काय टाकलं? धुवण. तांदळाचं धुवण. ते काय खत असतंय?" मीनाबाई जरा थांबली. "आन् कधीमधी ताक. उरलं तर."

"माशाचं हाड कुणाचं?"

कोपऱ्यातून दीप्तीनं, गटातल्या सगळ्यांत लहान सुनेनं, हात वर केला. शाळेत करतात तसा. "मला वाटलं, एकटी मीच घालतीया."

"चहाची पूड माझी," आणखी एक आवाज आला. "पर धुऊन घातली बरं का."

"राख?"

"राख सगळ्यांचीच असंल."

पिराजी आधी हसला. मग बायका एकमेकींना ढकलून हसायला लागल्या. "स्वतःच्या पाळीला घालतीस आन् मला म्हणतीस हात लावू नगं." "आगं मी म्हटलं, ह्या मातीला ताकाचा वास कशानं येतोय." प्रत्येकीनं इतरांपासून लपवलं होतं, प्रत्येकीला वाटलं होतं की आपण एकटीच चोर. रूपालीच्या चाचणीला धक्का लागू नये म्हणून सगळ्यांनी थोडंथोडंच घातलं होतं, आणि सगळ्यांचं मिळून ते भरपेट झालं होतं.

रूपालीला मात्र त्या हसण्यानं जास्तच लागलं.

"हसतासा काय? मी आत्ता ह्या माणसाला चोर म्हटलं, सगळ्यांम्होरं. तुमच्यापायी. सांगितलं हुतं का न्हाय, त्याला काय घालायचं न्हाय म्हणून? शेड जाणार आता. सोसायटीवाले उद्या कुलूप लावतील. मग बसा धुवण घिऊन."

हसू थांबलं. चिमणाबाई सुनेच्या जवळ आली. तिचा आवाज चढला नाही, पण शेडभर ऐकू गेला.

"सांगितलं हुतंस. खोटं कशाला बोलू? पण रुपे, मी ल्हान हुतो तवा गावजेवणाला आमास्नी बोलवायचे. बोलवायचे, व्हय. मग देवळाच्या मागं बसवायचे. सगळ्या पंगती उठस्तोवर बसायचं. वाढप दिसायचं आमास्नी तिथनं. भाताची वाफ दिसायची. माझी आई माझं तोंड भिताडाकडं करून बसवायची, बघू नगं म्हणायची." तिनं वाफ्याकडं बघितलं. "ह्या झाडास्नी तोंड फिरवायला बी येत न्हाय."

रूपालीच्या हातात अजून लेंडीचा भुगा होता. तिनं तो झटकला नाही. मूठ मिटली.

तिला सासूला म्हणायचं होतं की झाड हे झाड असतंय. शब्द जिभेवर आले, आणि तिथंच राहिले. असं बोलायला आधी पोट भरलेलं असावं लागतं, पिढ्या न् पिढ्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. शेड काढून घ्यायचा कागद काढतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी कागद काढला नाही. ते वाफ्याशी उकिडवे बसले, एक पान उलटं करून बघितलं, दांडा दोन बोटांत धरून हलवून बघितला.

"चाचणी बाद धरावी लागेल," ते म्हणाले. "रागावू नका. फुलं उत्तम आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ती लेंडीनं आली की ताकानं की माशानं? कुणी किती घातलं? काही सांगता येत नाही. तुमच्या पिंपातल्या खताची किटशी तुलना करायची तर मधला वाफा कोरा हवा. तो कोरा राहिला नाही."

बायकांनी दाराकडं बघितलं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल मंदावली आणि पुढं गेली.

रूपालीनं मान हलवली.

"बरोबर बोलतासा. माझं चुकलं, तुमच्यावर आळ घेतला. पिराजीमामा, तुमच्यावर बी. माफ करा." एवढं बोलून ती थांबेल असं साहेबांना वाटलं असावं, कारण ते उठायला लागले. "पण आता माझं ऐका. मी पिंप ढवळत बसलो आन् घरातलं काय काय वाया जातंय ते बघितलंच न्हाय. ह्यांनी बघितलं. आता चोरून न्हाय, मापानं घालायचं. लेंडी, धुवण, ताक, मासं. काय किती, सगळं ठरवून. चौथा वाफा करायचा. पुन्हा लावायचं सगळं. अजून एक हंगाम पाहिजे आमास्नी."

"मिळू शकेल," साहेब सावकाश म्हणाले. "वर लिहून बघतो. पण अट तीच राहणार. कोरा वाफा लागेलच. आणि तो सांभाळणार कोण?"

मीनाबाईनं दीप्तीकडं बघितलं, दीप्तीनं जमिनीकडं.

"आमच्या हातनं व्हायचं न्हाय ते," चिमणाबाई म्हणाली. "आधीच सांगतो."

साहेब किंचित हसले. "मग कसं करायचं?"

रूपालीनं वाफ्याकडं बघितलं. सासूकडं बघितलं. मग पदर खोचला आणि साहेबांच्या समोर येऊन उभी राहिली. मघाशी फूल धरलं होतं तितक्याच जवळ, पण आता हात मोकळे होते.

"तुमच्या हापिसाच्या गच्चीवर असलीच एक ल्हान शेड हाय, शिकवायला बांधलेली. तिथं ठेवा. ह्येच रोप, हीच माती, आम्ही कुंड्या भरून आणून देतो. तुम्ही सांभाळा. रोज जायाचं वर. ती वाळायला लागतील, पानं पिवळी पडतील, बघायचं. नुसतं पाणी घालायचं आन् खाली येऊन आपला डबा उघडायचा. आख्खा हंगाम. त्यास्नी काय द्यायचं न्हाय, तुमची निळी बाटली बी न्हाय. चिमूटभर सुद्धा न्हाय."

साहेबांचं हसू ओठांवर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यांची नजर खाली, वाफ्यावर गेली.

"जमंल तुमास्नी?" रूपाली म्हणाली. "खाली नगा बघू. माझ्याकडं बघून सांगा, साहेब. जमंल?"