कान तपासणाऱ्या तबकडीचा संताप

मी एक जुनी ग्रामोफोनची तबकडी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. माझ्यावर गाणं नाही, कान तपासायचे शब्द आहेत.

माझ्याआधी पनवेलच्या गुप्ते डॉक्टरांकडे इंग्रजी तबकडी होती. ती ऐकून मिठागरावरची माणसं गप्प बसत आणि कागदावर बहिरी ठरत. म्हणून डॉक्टरांनी मला मुंबईत मराठीत घडवून घेतलं. घरोघरी ओळखीचे शब्द हवेत, म्हणून मीठ, होडी, दिवा घेतले. वर रामू, शिवा, जगन ही नावंही घातली. प्रत्येक शब्द आधी कुजबुजत, मग चढत्या आवाजात. माझं काय कौतुक झालं! शब्द निवडताना एकाही बाईला मात्र कोणी विचारलं नाही.

बासष्ट साली मिठागरावरचा दादू सुनेला, हौसाला, घेऊन आला. तापातून उठल्यापासून ती हाकेला ओ देत नव्हती.

"भैरी हाय, डाक्टर. तुमी फकस्त लिवून द्या. सांजंला आपटा गावात हिच्या बापाच्या दारात सोडतो हिला. पोराला दुसरी बगून ठेवलीय."

"ऐकशील ते म्हण," डॉक्टर हौसाला म्हणाले आणि सुई नेमकी 'जगन'वर टेकवली.

जगन हा हौसाचा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही सासऱ्यासमोर? हौसाने पदर पुढे ओढला. माझा आवाज चढला, तसा पदर हनुवटीपर्यंत आला. शेवटी मी एवढी ओरडले की बाहेर टांग्याचा घोडा बिथरला. डॉक्टरांच्या घरीही त्यांची बायको त्यांना 'अहो'च म्हणे, पण त्यांच्या डोक्यात उजेड पडेना. दादूला कळलं होतं. त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

"ठार बहिरी," म्हणत डॉक्टरांनी लेखणी उचलली.

तशी हौसा उठली. "जगन! जगन! जगन! भरला का तुमचा कान?"

बाहेर बाकावर बसलेला जगन धडपडत आत आला. "काय गो, काय झाला?"

"मग आधी का नाही बोललीस?" डॉक्टर तिच्यावरच चिडले.

"धन्याचा नाव कंदी घेतला नवता मी. तुमी घ्यायला लावलात."

मग दुसरे शब्द लावले. एका कानात पू होता, दुसरा चोख निघाला. हौसा जगनबरोबर घरी गेली, दादू मात्र बाजारभर सांगत सुटला, "भैरी नाय, निलाजरी हाय."

डॉक्टरांनी खिळ्याने माझ्यावरचा 'जगन' खरवडला. रामू, शिवा तसेच ठेवले. जणू त्यांना बायकाच नव्हत्या!

मित्रांनो, आता मी माळ्यावर धूळ खाते. मला पुसू नका, जपू नका. पण नवी तबकडी कराल, तेव्हा जिने ऐकायचं तिला आधी विचारा. माझ्या वेळी ते झालं नाही, आणि हौसानंतर पुढच्याच आठवड्यात कुणा एका शिवाची बायको कान तपासायला येऊन बाकावर बसली.