पिराप्पाची पाच तास छप्पन मिनिटं

पिराप्पा अकरा वर्षं पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. तिथले साहेबलोक आठवडाभर खुर्चीत बसून पोट वाढवायचे आणि रविवारी ते उतरवायला पळायचे. एकदा शर्यतीच्या दिवशी त्यांच्यातला एकजण आजारी पडला. त्याचा टी-शर्ट आणि छातीवरचा नंबर वाया जाऊ नये म्हणून पिराप्पाला पळायला लावलं. तो शेवटून तिसरा आला, पण रस्त्याकडेच्या अनोळखी लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांत त्याच्या सलामाला कुणी मान हलवली नव्हती. त्या टाळ्या त्याच्या डोक्यात बसल्या.

२००९ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो नोकरी सोडून आपल्या गावी, संतपूरला, परत आला आणि रोज सकाळी औराद रस्त्यानं पळू लागला. पळणं म्हणजे काय, सायकलवाला गप्पा मारत शेजारून जाईल इतकंच. एवढ्या वयाच्या माणसानं पळायला संतपुरात दोनच कारणं ठाऊक होती: मागं कुत्रं किंवा पुढं बस. दोन्ही दिसेना म्हणून लोक त्याला थांबवून हळूच विचारायचे, "कोण गेलं वो?" बायको, बाणूबाई, म्हणाली, "पळायचंच असंल तर शेताकडं पळा. तुरीत गवत माजलंय."

पुढच्या वर्षी जिल्हा पंचायतीची निवडणूक आली आणि तिच्या आधी मॅरेथॉन आली. तिकिटाच्या मागं असलेल्या मल्लिकार्जुनअण्णांनी संतपूर ते कमलनगर 'भव्य सौहार्द मॅरेथॉन' जाहीर केली. मॅरेथॉनला बेचाळीस किलोमीटर लागतात हे त्यांना बॅनर छापून झाल्यावर कळलं. रस्ता तेवढा भरेना. मग अण्णांच्या ड्रायव्हरनं जीप काढून मार्ग मोजला. वाटेत तो आडबाजूच्या सासुरवाडीला चहाला जाऊन आला, तेव्हा कुठं मीटरवर बेचाळीस भरले. त्यामुळं सगळ्या स्पर्धकांना त्याच्या सासुरवाडीचा वळसा पडला.

वेळ टिपायचं काम हायस्कूलच्या पी.टी. मास्तरांकडं, कल्लप्पांकडं होतं. पिराप्पा नाव द्यायला गेला तेव्हा ते म्हणाले, "बक्षीस पहिल्या तिघालाच हाय, पिराप्पा. तू कामून पळायलास?"

"मला सहा तासाच्या आत पोचायचंय, मास्तर. पोचलो तर तेवढं लिहून द्या."

शर्यत सकाळी सहाला सुटली. सत्त्याऐंशी जण पळाले. पहिल्याच चढाला पिराप्पा सत्त्याऐंशीवा झाला आणि जागा सोडायचा त्याचा विचार दिसेना. पुढची पोरं गेली तशी पाणी देणारी मंडळीही टेबलं उचलून त्यांच्या मागं गेली. ड्रायव्हरच्या सासुरवाडीत त्याची सासू, पार्वतम्मा, दारात उभी होती. तिनं तांब्याभर पाणी दिलं.

"सकाळधरनं माणसं यायलेत आणि घराला वळसा घालून जायलेत," ती म्हणाली. "जावयानं काय निरोप धाडलाय का?"

"न्हाई अक्का. तुमच्यामुळं अंतर पुरं झालंय."

तिला काही कळलं नाही, पण तिनं गुळाचा खडाही दिला. तिसाव्या किलोमीटरनंतर पिराप्पाच्या पोटऱ्या दगड झाल्या. एका बाभळीला धरून तो थोडा वेळ उभा राहिला. आपण हे कशासाठी करतोय, हे त्यालाही सांगता येईना. मग तो पुन्हा निघाला.

कमलनगरात विजेता केव्हाच पोचून, आंघोळ करून, मांडवात झोपला होता. अण्णा नऊला येणार होते, ते साडेअकराला आले. आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "फीत कोण तोडायलंय? पेपरवाल्यांना फोटो पायजे."

फीत तोडायला कुणी शिल्लक नव्हतं. एवढ्यात दूर रस्त्यावर एक ठिपका हलताना दिसला. बंद पडलेला लाउडस्पीकर एकदम बोलू लागला. अण्णांचा एक कार्यकर्ता मोटारसायकल घेऊन पिराप्पाजवळ पोचला. "बस मागं, मामा. अण्णा थांबलेत."

"मला चालत न्हाई ते," पिराप्पा धापा टाकत म्हणाला.

शेवटी तो फितीपासून दहा पावलांवर आला, तेव्हा कार्यकर्त्यांनी हात आडवे करून त्याला अडवलं. अण्णा त्याच्यासोबत पळत फीत तोडणार होते, म्हणून नवे बूट घालत होते. एका पायात बूट चढला होता. दुसऱ्याची लेस दोघं मिळून ओवत होते. पिराप्पाचे पाय लाकूड व्हायला लागले.

"मास्तर," त्यानं ओरडून विचारलं, "घड्याळ थांबलंय का?"

कल्लप्पा मास्तरांनी अण्णांकडं पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले. "चालूच हाय."

"मग मी कामून थांबू?"

आडव्या हातांखालून वाकून तो निघाला आणि फीत छातीवर घेऊन पार झाला. अण्णा एका बुटात उठून उभे राहिले. फोटोग्राफरचा कॅमेरा अजून गळ्यातच होता. कार्यकर्त्यांनी धावत जाऊन फितीला गाठ मारली आणि ते पिराप्पाला म्हणाले, "मागं जा. परत ये."

पिराप्पा रस्त्यावरच बसला होता. "परत यायचं म्हणजे संतपूरहून यावं लागंल," तो म्हणाला. "सहा तास थांबता का?"

अण्णा एकटेच पळाले. गाठीची फीत काही केल्या तुटेना, ती खांबासकट आली. मास्तरांनी पिराप्पाच्या प्रमाणपत्रावर पेनानं लिहिलं: पाच तास छप्पन मिनिटं. खाली सही केली आणि शाळेचा शिक्काही मारला. तसा अधिकार त्यांना नव्हता. पिराप्पानं तो कागद दोनदा वाचला, आणि मग त्याला रडू आलं.

पंधरा दिवसांनी संतपुरात प्रचारसभा झाली. अण्णा म्हणाले, "तुमच्यासाठी मी बेचाळीस किलोमीटर पळालोय!"

गर्दीतून पिराप्पा उठला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "अण्णा, किती वेळ लागला?"

अण्णांनी शेजारच्या माणसाकडं वाकून विचारलं आणि माइकवर सांगितलं, "दोन तास."

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पिराप्पा उभाच राहिला. बाणूबाईनं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं आणि ती म्हणाली, "बसा आता. त्यांना शेतात गवत न्हाई काढायचं."