यमुनेने पारखलेला कोयता

मित्रांनो, सौंसर तहसिलीत रामाकोन्याच्या अलीकडे, संत्र्याच्या बागांना लागून काही घरांची वस्ती आहे. त्यातल्या शेवटच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला एका खुंटीवर मी टांगलेला असतो. मी कोयता आहे. माझे पाते अजून काळेभोर आहे, धारही शाबूत आहे. पण कित्येक वर्षांत मी एक काडीसुद्धा कापलेली नाही. येणारेजाणारे मला पाहतात आणि म्हणतात, "चांगला दिसते कोयता, काहून टांगून ठेवला?" घरातली यमुना त्यावर काही बोलत नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म सौंसरला, गुणवंता लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका मालट्रकच्या कमानीतला पाटा होतो. गुणवंताने मला भट्टीत लालभडक केले, ऐरणीवर ठोकून माझे अंग लांबवले, पुढचे टोक आत वाकवले आणि शेवटी पाणी दिले. तो 'चर्र' आवाज मला अजून आठवतो. मग माझे मागचे निमुळते टोक बाभळीच्या मुठीत ठोकून बसवले आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे चढवले. "हे कडं जोवर घट्ट, तोवर हा पक्का," असे म्हणून त्याने मला इतर कोयत्यांच्या रांगेत मांडले.

ही गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालातली. होळी नुकतीच झाली होती. बाजाराच्या दिवशी एक नवराबायको भट्टीसमोर येऊन उभे राहिले. नवरा काठीच्या आधाराने चालत होता. त्याचे नाव उत्तम. तो रघुनाथराव नावाच्या शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राखणदार होता. त्या हिवाळ्यात बागेत शिरलेल्या रानडुकराने त्याची मांडी फाडली होती. हातात नुसती काठी होती, म्हणून तो काही करू शकला नाही. जीव वाचला, पण पाय अधू झाला. मालक भला होता. राखणीचे काम त्याने उत्तमच्याच घराकडे राहू दिले. आता दोघांनी मिळून बाग राखायची, असे ठरले. यमुना, त्याची बायको, अंगाने किडकिडीत होती आणि तिला बोलण्यापेक्षा ऐकायची सवय होती.

"मोठा कोयता दाखव गा भाऊ," उत्तम म्हणाला. "पाहूनच मानूस मागं सरला पाह्यजे."

गुणवंताने रांगेतला सर्वांत लांब कोयता उचलून दिला. तो तलवारीसारखा चकाकत होता. उत्तमने तो हवेत फिरवला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

"हाच घेऊ," तो म्हणाला.

गुणवंताने यमुनेकडे पाहिले. "बाई, वापरन कोन?"

"दोघंबी," उत्तम घाईने म्हणाला.

"मी," यमुना हळूच म्हणाली. "यायले पाय टेकवत नाई. बागेत फिरनं माह्याकडं हाय."

"मंग कायले पाह्यजे? दाखवाले का कापाले?"

यमुना खाली बसली. तिने तो लांब कोयता हातात घेतला, मनगट वळवले आणि परत ठेवला. "याचं वजन समोर ओढते. एकडाव मारला का दुसऱ्यांदा उचलाले येळ लागन." मग तिने दुसरा घेतला, त्याचे पाते पातळ होते. तिसरा हलका होता, पण वाकड्या टोकाचा नव्हता. "काट्याची फांदी ओढाले आकडा लागते," ती म्हणाली. असे करत करत ती माझ्यापर्यंत आली. मी ना फार लांब, ना दिसायला देखणा. तिने मला उचलले, उभ्याने एकदा खाली आणले, एकदा आडवे फिरवले, मग डाव्या हातात घेऊन तेच केले. शेवटी ती नुसतीच मला धरून उभी राहिली.

"हात दुखत नाई याच्यानं," ती म्हणाली.

"बरोबर निवडला बाई तुनं," गुणवंता म्हणाला. "जनावर असो का मानूस, हत्यार आपल्या हाताबाहेर गेलं का त्याचं झालं. हा हातात राह्यन."

मित्रांनो, लोहाराचे ते शब्द मी फार अभिमानाने ऐकले होते.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. संत्री उतरून झाली की झाडांवरच्या वाळलेल्या काड्या, ज्यांना सल म्हणतात, त्या मी काढायचो. बाभळीच्या काटेरी फांद्या तोडून कुंपणाची भगदाडे बुजवायचो. बैलांसाठी चारा कापायचो. काम झाले की यमुना मला कोरड्या फडक्याने पुसायची, बोटभर गोडे तेल लावायची आणि मगच हातपाय धुवायची. उत्तम खाटेवर बसून पाहायचा आणि हसायचा, "माह्यापेक्षा त्याचीच सेवा जास्त करून राहिली तू!"

एकदा हिवाळ्यात, दिवस मावळता मावळता, दोन माणसे पोती घेऊन बागेत शिरली. झाडे पिवळ्या फळांनी वाकली होती. यमुना मला घेऊन पाटाच्या कडेने पुढे गेली. तिने मला उगारले नाही. पाते खाली, पायाशी धरले होते.

"खाली पडली हायेत थे न्या," ती म्हणाली. "झाडाले हात लावू नोका."

एक जण हसला. "एकटीच हाय काय वो बाई?" असे म्हणत तो पुढे सरकला. यमुनेने कुंपणातून आत आलेली मनगटाएवढी बाभळीची फांदी एका घावात तोडली आणि पुन्हा मला पायाशी आणले. हसणारा माणूस थांबला. दुसऱ्याने त्याची बाही ओढली. ती माणसे रिकामी पोती घेऊन निघून गेली. मी तिच्या हातात घट्ट होतो. माणसाच्या रक्ताला मी आयुष्यात कधी शिवलो नाही, आणि ते तिच्यामुळेच.

ही गोष्ट रामाकोन्याच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली. तिथूनच सगळे बिघडत गेले.

उत्तम काठी टेकत टपरीवर जायचा. एके दिवशी तिथे कोणीतरी म्हणाले, "उत्तमभाऊ, राखन तं बायको करून राहिली. तुमी काय, भाकरी थापता काय?" सगळे हसले. उत्तमही हसला. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही. यमुनेने विचारले तर म्हणाला, "भूक नाई." त्या दिवसापासून तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहू लागला. जणू मी त्याच्या घरात शिरलेला कोणी परका होतो.

पुढच्या साली पावसाळा सरता सरता यमुना तिच्या आजारी आईला भेटायला पांढुर्ण्याकडे गेली. बागेत काही झाडे वाळली होती आणि त्यांची खोडे उपटून ठेवली होती. उत्तमच्या मनात आले, ती परत येईपर्यंत सगळ्या खोडांचे सरपण करून ठेवायचे. आपणही काम करू शकतो, हे तिला दाखवायचे. मालकाकडे कुऱ्हाड होती, पण मागायला जायचे त्याच्या जिवावर आले. त्याने मला घेतले.

मित्रांनो, मी फांद्यांसाठी घडलो होतो, खोडांसाठी नाही. मी लाकडात रुतून बसलो की तो माझ्या पाठीवर दगडाने ठोकायचा. घामाने डबडबला होता, अधू पाय थरथरत होता, पण थांबत नव्हता. त्या माणसाचा मला राग येत नव्हता, वाईट वाटत होते. शेवटी कड्याला तडा गेला. मूठ फाकली. मी हलायला लागलो.

त्याच्या लक्षात आले. तो बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसला. गुणवंताकडे न्यावे तर तो विचारणार, कशाने झाले? यमुनेला सांगावे तर तीही विचारणार. मग त्याने एक चिंधी फटीत कोंबली, वरून तार करकचून बांधली आणि तारेवर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. वरून पाहिले तर मूठ आणखीच मजबूत दिसत होती.

यमुना आली. सरपणाचा ढीग पाहून तिला खरोखरच आनंद झाला. "येवढं सारं तुमी केलं?" ती म्हणाली. उत्तमने मान हलवली. मग तिने मला हातात घेतले. "हे काय बांधलं?"

"मूठ हातात सरकत होती नं तुह्या," उत्तम म्हणाला. "सौंसरले गेलो होतो, गुणवंताकडून पक्की करून आनली."

ती समाधानाने हसली. नवऱ्याने आपल्यासाठी एवढा हेलपाटा घेतला, याचे तिला अप्रूप वाटले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण लोखंडाला तोंड नसते.

संत्री भरली. तोडणी सुरू झाली. दिवसभर मजूर असायचे, संध्याकाळी बाग एकदम सुनी व्हायची. अशाच एका संध्याकाळी, अजून उजेड होता, पाटाच्या पलीकडच्या झाडांत खसपस झाली. गळालेली फळे खायला एक दांडगे रानडुक्कर आले होते. यमुना समोरच होती. त्याने मान खाली घातली. पळायला जागा नव्हती. मागे कुंपण होते. तिने मला दोन्ही हातांनी उचलले.

उत्तम घराच्या दारात होता. त्याने ते पाहिले.

"यमुना, नोको मारू! मूठ ढिली हाय त्याची!" तो ओरडला.

पण घाव निघाला होता. मी तिच्या हातून सुटलो. तार, चिंधी आणि बाभळीची मूठ तिच्या हातात राहिली, आणि मी हवेतून भिरभिरत जाऊन पाटाच्या चिखलात पडलो. तिथून मला काही दिसले नाही. फक्त ऐकू आले. काठीचा टकटक आवाज, तोही मध्येच थांबलेला. मग काठीशिवाय पळणाऱ्या माणसाची फरफटणारी पावले. नंतर लोकांच्या बोलण्यातून कळले, उत्तम बायको आणि जनावर यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला होता. हातात काही नव्हते.

डुक्कर त्याला फाडून निघून गेले. यमुनेच्या हाका ऐकून शेजारच्या शेतातून बैलगाडी आली. उत्तमला सौंसरच्या दवाखान्यात नेले. मी चिखलातच होतो.

तो वाचला नाही. यमुना एकटीच परत आली. उत्तमची बहीण वत्सला तिच्या सोबतीला येऊन राहिली. दोघी अंगणात बसल्या असताना जे बोलल्या, ते मी ऐकले, कारण तोवर पाटाचे पाणी वळवताना वत्सलेला मी सापडलो होतो.

"शेवटी काही बोलला काय वो माहा भाऊ?" वत्सलेने विचारले.

"मले म्हने, मी सौंसरले गेलोच नव्हतो. मले लाज वाटली." यमुना म्हणाली. "मी म्हटलं, बोलू नोका. आता पानी प्या."

वत्सला रडत रडत मला पाहून म्हणाली, "हा कोयता कन्हान नदीत फेकून दे. घात केला यानं."

"त्याचा काय दोष हाय?" यमुना म्हणाली.

काही दिवसांनी तिने मला आणि ती तुटकी मूठ एका पिशवीत घातली आणि बसने सौंसरला नेले. गुणवंताची भट्टी पेटलेली होती. आजूबाजूला बाजाराची गर्दी होती. रामाकोन्याची दोन-तीन ओळखीची माणसेही उभी होती. गुणवंताने मूठ हातात घेतली. ट्यूबची पट्टी सोडली, तार उलगडली. आतली चिंधी बाहेर आली. त्याचा चेहरा उतरला. तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "बाई, हे असं कोनं बांधलं?"

सगळे ऐकत होते.

"मीच बांधलं भाऊ," यमुना म्हणाली. "त्यायनं मले सांगतलं होतं का सौंसरले नेऊन दे म्हनून. मीच नाई आयकलं."

मागे उभा असलेला एक जण चुकचुकला. "बायाइचं असंच असते," तो म्हणाला. यमुनेने ते ऐकले आणि मान खाली घातली. ती खोटे बोलली, हे त्या गर्दीत फक्त मला कळले होते.

गुणवंताने मला नवी मूठ बसवली, नवे जाड कडे चढवले. तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. बागेची राखण दुसऱ्याकडे गेली. यमुना तोडणीच्या दिवसांत मजुरीला जाते. सणावाराला ती मला खाली काढून तेल लावते आणि परत टांगते. गावात अजूनही लोक सांगतात, यमुनेच्या आळसाने उत्तम गेला. ती कोणालाच काही सांगत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही विळा, कोयता, कुऱ्हाड, पाळण्याची दोरी, विहिरीचा रहाट असेल. त्यातले काही सैल झाले, तडकले, तर ते तुमच्या हातून झाले असले तरी घरात सांगून टाका. लोक हसतील, कोणी रागावेलही. हसू द्या, रागावू द्या. चिंधी कोंबून वरून गुंडाळू नका. कारण ती मूठ उद्या कोणाच्या हातात असणार आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. आणि कितीही वाटले तरी, त्या माणसाला वेळेवर सांगायला मला तोंड नाही.