बब्बर शेर माझ्यावर टाइप करायचा

मित्रांनो, नोएडातल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, कॅरम बोर्डाच्या शेजारी बसलेला मी एक जुना, जाडजूड संगणक आहे. दिल्लीत नेहरू प्लेसच्या बाजारात माझे भाग जुळवले गेले आणि रिक्षात कुणाच्या तरी मांडीवर बसून मी यमुना ओलांडली. तेव्हा सोसायटी नवीकोरी होती आणि बाल्कनीतून मोहरीची शेते दिसायची. सेक्रेटरी अण्णासाहेबांनी माझ्यासमोर नारळ फोडला. त्याचे निम्मे पाणी माझ्या कीबोर्डवरच उडाले, पण कौतुकाच्या भरात मला त्याचे काही वाटले नाही.

ते दिवस मजेचे होते. पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या वैजयंतीबाई एका बोटाने टाइप करत परदेशातल्या नातवाला पत्र लिहायच्या. प्रणिता नावाची मुलगी माझ्यासमोर बसून इंग्रजी बोलण्याचा सराव करायची. तिला गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीची नोकरी लागली, तेव्हा तिने एक पेढा माझ्या डोक्यावरही ठेवला होता. आणि मी बिघडलो की मला दुरुस्त करायचा सुजय. सातव्या मजल्यावरच्या या इंजिनिअर मुलाने सोसायटीचा ई-मेल गट सुरू केला. पाणी कधी येणार, गणपतीची वर्गणी किती, सगळे त्यावर कळू लागले. सुजय सर्वांचा लाडका होता. माझाही होता.

मग त्याचे ठरलेले लग्न मोडले. मुलीला बंगळूरला नोकरी मिळाली आणि तिने नकार कळवला. सुजय गप्प झाला. तो रोज माझ्यासमोर येऊन बसू लागला. एक दिवस त्याने ‘बब्बर शेर’ असे खोटे नाव घेतले आणि बायकांच्या गाडी चालवण्यावरचे विनोद गटावर पाठवले. लोक हसले. त्याने आणखी पाठवले.

पुढे त्याला एक संकेतस्थळ सापडले. देशोदेशीचे दुखावलेले पुरुष तिथे जमत. सुरुवातीला ते एकमेकांना धीर देत. हळूहळू मात्र तिथे एकच धडा शिकवला जाऊ लागला, की आपल्या सगळ्या दुःखाला शिकलेल्या, कमावत्या मुली जबाबदार आहेत. सुजय ते वाचायचा आणि हिंदीत करून गटावर टाकायचा. विनोद संपले, पण वाचणारे थांबले नाहीत. मग बब्बर शेराने सोसायटीतल्या मुलींना दहापैकी मार्क दिले. शेवटी त्याने प्रणिताचे नाव घेऊन लिहिले, की संध्याकाळी गाडी येते आणि सकाळी सोडते, ही कसली नोकरी?

प्रणिताने ते माझ्याच पडद्यावर वाचले. ती उठली आणि नंतर कित्येक दिवस माझ्याकडे फिरकलीच नाही.

अण्णासाहेब सज्जन गृहस्थ. त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द निघत नसे. एका दुपारी त्यांनी बब्बर शेराचा मजकूर माझ्यावर उघडला, त्यातल्या शिव्या काढल्या, ‘संस्कार’ आणि ‘सुरक्षितता’ असे शब्द घातले आणि नियमाचा मसुदा तयार केला. रात्री मुलींना न्यायला-आणायला येणाऱ्या गाड्यांना फाटक उघडू नये, असा तो नियम होता. तो मंजूर झाला असता, तर प्रणिताची नोकरी गेली असती.

रविवारी माझ्याच हॉलमध्ये सभा भरली. वैजयंतीबाई हातात कागद घेऊन उभ्या राहिल्या. बब्बर शेराची सगळी पत्रे त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडून छापून घेतली होती.

“अण्णासाहेब, हा नियम जिथून आला, ते आधी सगळ्यांनी ऐकू या,” त्या म्हणाल्या.

आणि त्या वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचू लागल्या. शिवी आली की ‘येथे एक शिवी आहे’ असे सांगून पुढे जात. पहिल्या विनोदाला दोघे-तिघे हसले. तिसऱ्याला खुर्च्या करकरल्या. मार्कांची यादी आली तेव्हा बाईंनी चष्मा काढला.

“मी जन्मभर पेपर तपासले. बिननावाचा परीक्षक आजच बघतेय.”

हॉल हसला, पण आता ते हसू मुलींच्या बाजूचे होते. मग बाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “शब्द धुतलेत, कापड तेच आहे.”

अण्णासाहेब खाली बघत राहिले. आपला हेतू चांगला होता, असे ते पुटपुटले. मग मुलांच्याही गाड्या अडवा, तुमचे चिरंजीवही रात्रपाळीलाच जातात, असे मागून कुणीतरी म्हणाले. अण्णासाहेबांनी मसुद्याची घडी करून खिशात घातली.

तेवढ्यात प्रणिता उठली.

“बब्बर शेर इथंच बसलाय, मला माहितेय. एवढंच सांग, मी तुझं काय बिघडवलं होतं?”

मग सुजय उभा राहिला.

“काहीच नाही,” तो म्हणाला. “ते मी लिहिलं होतं. चुकलो मी, प्रणिता.”

“मला वाटेल तेव्हा मी तुला माफ करेन,” ती म्हणाली. “तोपर्यंत मी लिफ्टमध्ये असले, तर तू जिन्याने जायचं.”

मित्रांनो, सुजय सातव्या मजल्यापर्यंत इतके दिवस चढला-उतरला, की त्याची पँट ढिली झाली. वैजयंतीबाई त्याला दर रविवारी चहाला बोलवत आणि त्याचे ऐकून घेत. त्याने सगळी पत्रे गटावरून पुसली आणि खाली स्वतःचे खरे नाव घालून माफी लिहिली. दिवाळीच्या सुमारास प्रणिताने एकदा लिफ्टचे दार त्याच्यासाठी धरून ठेवले, असे मी कॅरम खेळणाऱ्यांकडून ऐकले. प्रणिता पुढे टीम लीडर झाली.

आता मला कुणी सुरू करत नाही. माझ्यावर कॅरमची पावडर साचते. पण पोरे खेळता खेळता मोबाइल बघतात, तेव्हा मला ओळखीचे शब्द ऐकू येतात. आजचे बब्बर शेर खोटे नाव घेत नाहीत. ते कॅमेऱ्यासमोर छाती काढून बोलतात, लाखो लोक टाळ्या वाजवतात आणि शहाणीसुरती माणसे तेच सभ्य शब्दांत पुन्हा सांगतात.

म्हणून एक विनंती. असे काही समोर आले, तर पुढे पाठवण्याआधी ज्या मुलीबद्दल ते आहे तिच्याकडे बघून मोठ्याने वाचता येईल का, हे स्वतःला विचारा. आणि एखादा मित्र गप्प होऊन पडद्यात बुडालेला दिसला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. सुजय रोज माझ्यासमोर येत होता. ‘कसा आहेस?’ एवढे मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.